आज कुठला हात?

बालवर्गाच्या बाईंनी ते अगदी सहज सांगितलं होतं. शाळा सुटलेली, दप्तरं, डबे आणि एकमेकांचे चुकून घातलेले बूट यांचा गोंधळ चाललेला, आणि त्यात एका पोराच्या बुटाची नाडी बांधता बांधता त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी डावखुरी असावी."

दुसरी एखादी आई "हो का?" म्हणून घरी गेली असती. ही आई वजनमापांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दुकानांतली, दवाखान्यांतली, कारखान्यांतली वजनं तिच्या टेबलावर येत आणि ती खरी की खोटी हे ती सांगत असे. तिथे 'असावी' हा शब्द चालत नसे. हे वजन एक किलो असावं, असं तिथे कोणी म्हटलं असतं तर त्याला दुसऱ्या दिवशीपासून फरशी पुसायचं काम मिळालं असतं.

"असावी म्हणजे?" आईने विचारलं.

बाईंनी नाडी सोडून वर पाहिलं. चित्रं डाव्या हाताने काढते, चेंडू उजव्या हाताने टाकते आणि डबा जो हात रिकामा असेल त्याने खाते, असं त्यांनी सांगितलं. काळजी करायचं काही कारण नाही, अजून लहान आहे, कळेल हळूहळू. फक्त एकच होतं. पहिलीच्या वर्गात लिहायची फळी एका बाजूला जोडलेल्या खुर्च्या होत्या आणि कारखाना त्या वर्षातून एकदाच बनवून देत असे. तेव्हा फळी डावीकडे हवी की उजवीकडे, हे सुट्टी लागायच्या आत मोठ्या बाईंना सांगायला हवं होतं.

"नक्की सांगते," आई म्हणाली. 'नक्की' हा शब्द तिने उच्चारला आणि पुढचं सगळं त्या शब्दाने केलं.

मुलीला घरात सगळे खडू म्हणत. खरं नाव काहीतरी चांगलं होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीत वापरलं जाई. चालायला लागल्यापासून तिच्या मुठीत खडू असे आणि घराच्या भिंती कमरेपर्यंत तिच्या होत्या. कमरेच्या वर मोठ्यांचा रंग आणि खाली खडूचे मासे, शिड्या, तीन पायांचे प्राणी. भिंत पुसली की त्याच जागी नवं जनावर उगवे. बाहेरचं कोणी आलं की आई आधी माफी मागे आणि मग, विचारलं नसतानाही, कुठलं जनावर कुठलं ते सांगे.

खुर्ची चुकली तर काय होईल, याचा विचार आईने घरी पोचेपर्यंत पुरता करून ठेवला होता. कॉलेजात तिच्याबरोबर एक मैत्रीण होती. लहानपणी तिचा डावा हात मारून मारून उजवा केलेला. मोठेपणी ती उजव्या हाताने सुरेख लिहायची, पण कुठलीही वस्तू उचलण्याआधी क्षणभर थांबायची. चमचा असो, परीक्षानळी असो, एक क्षण. जणू आतून कोणाची तरी परवानगी यायची असे. तो क्षण आईला कधी विसरता आला नाही. आपल्या मुलीच्या हातात तो क्षण येऊ द्यायचा नाही, एवढं तिने ठरवून टाकलं.

म्हणून तिने खडूला काहीही न सांगता, न टोकता, नुसतं बघायचं ठरवलं. आठवडाभर बघून तिच्या लक्षात आलं की या बघण्याला काही अर्थ नाही. घरात खडू सोडून तीन माणसं, तिन्ही उजवी. नाना, म्हणजे तिचे सासरे, चमचा नेहमी खडूच्या उजव्या हाताशी ठेवत. नवरा तिला पेला देताना तिच्या उजव्या हातातच देई. दिव्याचं बटण, नळ, दाराची मूठ, सगळं उजव्या माणसांनी उजव्या माणसांसाठी बसवलेलं. ज्या तराजूची एक बाजू आधीच झुकलेली आहे त्यावर केलेलं वजन ती प्रयोगशाळेत केराच्या टोपलीत टाकत असे. घरातही तिने तेच केलं.

"आधी तराजू सरळ करायला हवा," तिने जेवताना जाहीर केलं.

"कुठला तराजू?" नानांनी विचारलं.

"आपण."

नाना निवृत्त शिंपी होते. उभा जन्म लोकांच्या खांद्यांतला फरक दुसऱ्यांना दिसू न देता कोटात लपवण्यात गेला होता, त्यामुळे सरळ करण्याच्या कामाबद्दल त्यांना आदर होता. नवरा दारं बसवायच्या धंद्यात होता, आणि त्याला तर ही कल्पना एकदम पटली. दारांनाही हात असतो, तो म्हणाला. बिजागरी कुठल्या बाजूला आणि दार कुठे उघडतं यावरून दार डावं की उजवं ते ठरतं, आणि आपल्या घरातली सगळी दारं उजवी आहेत. याचं त्याला इतकी वर्षं काही वाटलं नव्हतं, आता एकदम अपराध्यासारखं वाटू लागलं.

सुट्टीच्या दिवशी त्याने घरातल्या सगळ्या दारांना हॉटेलच्या स्वयंपाकघरात असतात तशा दोन्हीकडे झुलणाऱ्या बिजागऱ्या बसवल्या आणि मुठी काढून टाकल्या. आता दार कुठल्याही हाताने ढकलता येत होतं, खांद्याने, डोक्यानेही. ते परत येऊन ढकलणाऱ्याच्या पाठीत बसे, ही गोष्ट वेगळी. नाना दाराअलीकडे थांबून आधी कानोसा घेत आणि मग कमी खोल पाण्यात उडी मारल्यासारखे दारातून जात. न्हाणीघराच्या दाराला कडी राहिली नव्हती, तेव्हा आत असलेल्याने गाणं म्हणावं असा नियम झाला. नवऱ्याला एकच गाणं येत होतं, तेही अर्धं. सकाळी घरात कितीही घाई असली तरी त्या अर्ध्या गाण्यावरून कळे की अजून वाट पाहावी लागणार.

चमचा, पेला, कंगवा, सगळं आता खडूसमोर बरोबर मध्ये ठेवलं जाऊ लागलं. नाना शिवणकामाची पट्टी लावून चमचा ठेवत. पण माणसं मध्ये ठेवता येईनात. ती उजव्या हाताने घास घेत, उजव्या हाताने डोकं खाजवत, आणि खडू त्यांच्याकडे बघत असे.

यावरही प्रयोगशाळेत उपाय होता. तराजूच्या दोन्ही भुजा अगदी सारख्या कधीच नसतात. म्हणून वस्तू आधी डाव्या पारड्यात घालून वजन करायचं, मग पारडी बदलून उजव्या पारड्यात घालून करायचं आणि दोन्हींचा मध्य काढायचा. भुजांमधला फरक आपोआप कटतो. आई हे काम रोज करत होती आणि त्यावर तिचा देवासारखा विश्वास होता. तिने सांगितलं की एक दिवस सगळ्यांनी उजव्या हाताने सगळं करायचं आणि दुसऱ्या दिवशी डाव्या. मुलीसमोर दोन्ही उदाहरणं सारखी येतील. मग ती जे करेल ते तिचं स्वतःचं.

"सगळं म्हणजे दाढीसुद्धा?" नानांनी विचारलं.

आईने थोडा विचार केला. खडू कधीकधी नानांची दाढी बघत उभी राहत असे. "दाढीसुद्धा," ती म्हणाली.

आज कुठला दिवस हे कोणाच्या लक्षात राहीना, म्हणून आईने प्रयोगशाळेतून हातमोज्यांची एक जुनी जोडी आणली. वजनं बोटांच्या घामाने बिघडू नयेत म्हणून घालतात ते पांढरे सुती मोजे. हॉलमध्ये खिळा ठोकला. डाव्या दिवशी डावा मोजा टांगायचा, उजव्या दिवशी उजवा. सकाळी उठलं की आधी मोजा बघायचा आणि मग तोंड धुवायचं.

पहिल्या डाव्या दिवशी नवऱ्याने एका गिऱ्हाइकाच्या घरी हातोडी डाव्या हातात घेतली. संध्याकाळी तो अंगठा पाण्यात बुडवून बसला होता. गिऱ्हाइकासमोर तरी उजवा हात वापरायचास, असं आईने म्हटल्यावर तो म्हणाला, "सवय लागायला नको? घरी आल्यावर एकदम कसं जमेल?" तिला त्याचं फार कौतुक वाटलं. नानांच्या गालावर कागदाचे कपटे चिकटवलेले होते. आमटीच्या वाडग्यावर वाकलेल्या नवऱ्याचा चमचा तोंडाऐवजी हनुवटीला जाऊन भिडे. आईने स्वतः कुलपात किल्ली फिरवायला इतका वेळ लावला की मागे उभ्या असलेल्या पोस्टमनला वाटलं, ही या घरातली नव्हेच.

नानांच्या तोंडून एकदा सहज निघून गेलं की पुरुषांच्या सदऱ्याची बटणं उजव्या बाजूला आणि बायकांच्या डाव्या बाजूला असतात. बोलून झाल्यावर त्यांनी जीभ चावली, पण तोवर सूनबाईंनी ऐकलं होतं. हे आपल्या लक्षातच आलं नाही, असं म्हणून तिने त्यांचे आभार मानले. त्यानंतर डाव्या दिवशी नवऱ्याने तिचा ब्लाऊज चढवायचं राहिलं एवढंच. बाकी त्याच्या सदऱ्यांची बटणं नानांनी रात्रीचं जेवण होईस्तोवर उसवून दुसऱ्या बाजूला लावून दिली, आणि तीही डाव्या हाताने.

शेजारी एक निवृत्त परिचारिका राहत होत्या. त्या एका डाव्या दिवशी साखर मागायला आल्या. आईने डाव्या हाताने साखर सांडत वाटी भरली, नाना डाव्या हाताने पेला ओठांऐवजी गालाकडे नेत होते, नवऱ्याच्या अंगठ्याला पट्टी होती आणि तो भाकरीचा तुकडा मोडण्याच्या प्रयत्नात घामाघूम झाला होता. परिचारिकाबाईंनी साखर खाली ठेवली. त्यांनी दार लावून घ्यायचा प्रयत्न केला, ते परत त्यांच्या पाठीत बसलं. मग त्यांनी खडूसकट चौघांनाही भिंतीशी एका रांगेत उभं केलं.

"हसा," त्या म्हणाल्या.

सगळे हसले.

"दोन्ही हात वर करा. डोळे मिटा. आता एक वाक्य म्हणा, कुठलंही."

नवऱ्याने अर्धं गाणं म्हटलं. परिचारिकाबाईंनी एकेकाच्या तोंडाचे कोपरे निरखून पाहिले. एकाच घरात चौघांची उजवी बाजू अर्धांगवायूने एकदम गेल्याचं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं, आणि तसं झालेलं नाही हे पाहून त्या जराशा हिरमुसल्या. आईने त्यांना सगळं समजावून सांगितलं. भुजा, पारडी, मध्य. परिचारिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, साखरेची वाटी उचलली आणि जाताना नानांच्या कानाशी लागून विचारलं, की हिला झोप नीट लागते ना?

आईला झोप उत्तम लागत होती. निष्कर्ष मात्र लागत नव्हता. डाव्या दिवशी खडू डाव्या हाताने जेवत होती, उजव्या दिवशी उजव्या. डाव्या दिवशी डाव्या हाताने दात घासत होती, उजव्या दिवशी उजव्या. सगळ्या घरात हे तिला एकटीलाच जमलं होतं. मोठ्यांच्या हातातून पदार्थ सांडत होते आणि ती दोन्ही हातांनी सारखंच नीट खात होती. सकाळी सगळ्यांत आधी उठून तीच मोजा बघून येई आणि घरभर आवाज देई. न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून ती बापाला सांगे, "बाबा, आज डावा," आणि आतलं गाणं क्षणभर थांबे.

नानांनी एकदा लबाडी केली. मोजा उलटा फिरवून टांगला, तर डावा मोजा उजव्यासारखा दिसतो, हे त्यांच्यासारख्या शिंप्याला न कळतं तरच नवल. त्या दिवशी त्यांना लग्नाला जायचं होतं आणि गालावर कपटे नको होते. एक गाल झाला, आणि पाणी बदलायला बाहेर येऊन बघतात तर खडू खिळ्याखाली उभी.

"नाना, शिवणी भिंतीकडे आहेत," ती म्हणाली.

मोज्याच्या पाठीवर तीन शिवणी असतात आणि त्या समोर दिसायला हव्यात, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. नानांनी मोजा सरळ केला. उरलेला गाल त्यांनी डाव्या हाताने केला आणि लग्नात ते सगळ्या फोटोंत एका बाजूने उभे राहिले.

आईने ही हकीकत ऐकली तेव्हा ती हसली, मुलीच्या निरीक्षणशक्तीचा तिला अभिमानही वाटला. भिंतीकडे मात्र तिचं लक्ष गेलं नाही. ते दुसऱ्या दिवशी गेलं, आणि तेही पाहुणे यायचे होते म्हणून. ती ओलं फडकं घेऊन बसली आणि तिला कळेना की पुसायचं काय. मासे जुने होते. तीन पायांचं जनावर जुनंच होतं, त्याच्या पाठीवर धूळ बसली होती. दाराजवळची शिडी अर्धवट होती, तीही पुसट झालेली. तिने खडूंची पेटी उघडली. सगळे खडू अख्खे होते, टोकं धारदार, दुकानातून आणल्यासारखी.

"अगं, तू चित्रं का नाही काढत?" तिने विचारलं.

खडूने खांदे उडवले. मग तिने नीट उत्तर दिलं. डाव्या दिवशी मासा काढला तर तो डावा होतो. मग दुसऱ्या दिवशी त्याला शेपूट काढायची असते तेव्हा उजवा दिवस असतो. तो मासा दोघांचा होतो. तिला तसा नको होता.

आईने फडकं पिळलं. सुट्टी चार दिवसांवर आली होती आणि हातात अजून मध्य नव्हता. थोडंच राहिलंय, असं तिने स्वतःला समजावलं. नंतर कितीतरी दिवस तिला या समजावण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

मोठ्या बाईंनी भेटायला बोलावलं होतं त्या दिवशी सकाळी आई लवकर उठली. मोजे मळले होते. पाहुण्यांनी त्यांबद्दल विचारलंही होतं. तिने दोन्ही मोजे धुऊन गच्चीवर वाळत घातले, तिथेच शेजारच्या परिचारिकाबाई भेटल्या, त्यांनी तिची झोपेची चौकशी केली, आणि त्यात जरा वेळ गेला.

ती खाली आली तेव्हा घरात आवाज नव्हता. गाणंही नव्हतं.

नाना टेबलाशी बसले होते. समोर चहा होता, त्यावर साय धरली होती. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. नवरा न्हाणीघराच्या दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभा होता. दार ढकलायला त्याने हात वर केला होता आणि तो छातीशीच राहिला होता. खडू आपल्या ताटलीसमोर बसली होती. चमचा बरोबर मध्ये होता. तिने हात पाठीमागे घेतले होते.

"काय झालं?" आईने घाबरून विचारलं.

"मोजा नाही," खडू म्हणाली.

आईने खिळ्याकडे पाहिलं. नुसता खिळा. मग तिने परत तिघांकडे पाहिलं. नवरा कसनुसा हसला. "कालचा कुठला होता तेच आठवेना," तो म्हणाला. "नाना म्हणतात डावा, मी म्हणतो उजवा. म्हटलं, तू येईपर्यंत थांबावं."

प्रयोगशाळेतल्या तराजूला एक चाप असतो. तो लावला की दांडी वर उचलून धरली जाते, धक्का लागून बिघडू नये म्हणून. त्या वेळी काटा बरोबर मध्ये असतो. पारड्यात काही असो वा नसो, डोंगर ठेवा की पीस, काटा मध्येच. नवी मुलं कामाला लागली की पहिल्या दिवशी एकजण तरी चाप न काढता वजन करतो आणि आनंदाने ओरडतो की दोन्ही बाजू अगदी सारख्या आल्या. आई त्यांना नेहमी हसत असे.

खडूला भूक लागली होती. चमच्याकडे बघत ती बसली होती, आणि तिच्या खांद्यापाशी काहीतरी हललं, हात पुढे यायला निघाला आणि थांबला. एक क्षण. आईने तो ओळखला. कॉलेजातल्या मैत्रिणीला तो मार खाऊन मिळाला होता. इथे कोणी बोटही लावलं नव्हतं.

आई टेबलाशी आली. नानांचा पेला तिने उजव्या हाताने उचलून त्यांच्या उजव्या हातात दिला. "चहा घ्या, नाना. जसा घ्यायचात तसा."

"आज उजवा?" नानांनी खात्री करून घेतली.

"आज काही नाही. उद्याही काही नाही."

नानांनी पेला तोंडाला लावला, थेट ओठांना, आणि इतक्या समाधानाने भुरका मारला की नवऱ्याने दार ढकललं आणि आत जाऊन गाणं सुरू केलं. ते अर्धंच होतं, पण मोठ्याने.

खडूचे हात अजून मागेच होते. "माझा कुठला?" तिने विचारलं.

आईने हे उत्तर देण्यासाठीच तर एवढं सगळं केलं होतं. तिने मुलीसमोर बसून सांगितलं, "मला माहीत नाही."

खडूने तिच्याकडे अविश्वासाने पाहिलं. आईला माहीत नाही असं आजवर कधी झालं नव्हतं. "मग कोणाला माहीत आहे?"

"कोणालाच नाही. तुला कळलं तर कळेल. नाही कळलं तरी जेवता येतं." आणि एवढं बोलून तिने चमचा मुलीच्या ताटलीत कसाही टाकला, आडवा, दांडा कुठेतरी. मग उठून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. मागे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ताटलीवर चमचा वाजला. कुठल्या हातातला, ते बघायला वळू नये म्हणून तिने एक स्वच्छ पातेलं पुन्हा घासलं.

आई खडूला घेऊन गेली तेव्हा मोठ्या बाईंच्या खोलीत नमुन्याची खुर्ची ठेवलेली होती. काळा रंग दिलेली पाठ, घट्ट बैठक आणि उजव्या बाजूला एक फळी, पानाच्या आकाराची. मोठ्या बाई बारीक अंगाच्या होत्या आणि त्यांच्या टेबलावर सगळ्या वस्तू कडेला समांतर होत्या. एरवी आईला त्या फार आवडल्या असत्या.

"तर," मोठ्या बाई म्हणाल्या, "डावी की उजवी?"

"डावी मागवा."

"म्हणजे ती नक्की डावखुरी आहे?"

"असावी," आई म्हणाली. शब्द तोंडातून निघताना अडखळला, पण निघाला.

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. असावी म्हणून खुर्ची येत नाही, त्यांनी समजावलं. खुर्ची एकतर डावी येते नाहीतर उजवी. बालवर्गाच्या बाई तर सांगत होत्या की घरी फार शास्त्रशुद्ध तपासणी चालली आहे. शेजारच्या वर्गातल्या दोन मुलांनीही आपापल्या घरी मोजे टांगायला लावले आहेत आणि त्यांतल्या एकाच्या वडिलांनी शाळेत येऊन आपला अंगठा दाखवला आहे. एवढं झाल्यावर काहीतरी निष्पन्न झालंच असेल.

"झालं," आई म्हणाली. "तपासणी चुकली. दोष तपासणाऱ्याचा होता. बालवर्गाच्या बाईंनी आधी नुसतं बघून जे सांगितलं, त्याहून जास्त मला काही माहीत नाही."

"आणि खुर्ची चुकली तर?"

आई उत्तर देणार तेवढ्यात कच्च असा आवाज आला. दोघींनी खुर्चीकडे पाहिलं. मोठ्या बाईंच्या फळ्यापाशी खडूंचा डबा होता, तो उघडा होता. खडू खुर्चीवर चढून उलटी बसली होती, गुडघे बैठकीवर, तोंड पाठीकडे. लिहायची फळी तिच्या मागे कुठेतरी राहून गेली होती. समोरच्या काळ्या पाठीवर तिने एक लांबलचक रेघ ओढली होती.

दुसरी रेघ काढायला हात वर गेला आणि तिने मान वळवून आईकडे पाहिलं. हात थांबला.

आईने झटकन खिडकीकडे तोंड फिरवलं.

"अहो, बघा ना," मोठ्या बाई हळूच म्हणाल्या. "आता दिसेल की."

"मी बघितलं की ती माझ्याकडे बघते."

"मग मी सांगते तुम्हाला. ती आत्ता..."

"नका सांगू," आई म्हणाली. "प्लीज."

जरा वेळाने मागून पुन्हा कच्च झालं, मग बारीक बारीक टकटक, खवले काढताना होते तशी. खडूचा तुकडा मोडल्याचा आवाज आला. खाली पडलेला तुकडा घरंगळत आईच्या चपलेशी येऊन थांबला. ती तो उचलायला वाकली नाही.

"उलटी बसली तर डावी फळी उजवीकडे जाते," मोठ्या बाई विचारात पडून म्हणाल्या. त्यांनी आपलेच दोन्ही हात पुढे धरून फिरवून पाहिले. "आणि उजवी डावीकडे. म्हणजे डावी मागवून ती चुकली, तरी..."

"तरी उलटी बसेल."

"पण मग फळा दिसणार नाही तिला."

"नाही दिसणार," आईने कबूल केलं.

मोठ्या बाईंनी पेन उचललं आणि डावी मागवली. टेबलावरची एक वस्तू कडेला समांतर नव्हती, ती त्यांनी तशीच राहू दिली. "हा कोण?" त्यांनी शेवटी मुलीला विचारलं.

"नाना," खडू म्हणाली. "हे कागद. गालावरचे. आणि हे दार त्यांच्या मागून येतंय."

"आणि हा मासा?"

"हा माझा."

आई खिडकीकडेच बघत होती. बाहेर मैदान होतं आणि आत खोलीत दिवा लागलेला, त्यामुळे काचेत मैदानाच्या वर खोलीही दिसत होती. काळी खुर्ची, त्यावर पाठमोरं लहान डोकं, वर-खाली होणारा एक हात. काचेत डावा हात उजवा दिसतो आणि उजवा डावा. असं उलट दिसणारं मनातल्या मनात सुलट करायची आईला इतकी सवय होती की ते तिच्याकडून आपोआप व्हायचं.

तिने ते होऊ दिलं नाही. काचेतला हात शेपटीपाशी पोचला होता. तो कुठेही न थांबता खाली आला आणि पुन्हा वर गेला.